माझा आयरिश शिष्य

हा किस्सा मी सांगितला नाही, तर देवबागची कुंदावहिनी सांगते. ती सांगते तेव्हा मी त्यात जास्तच मूर्ख दिसतो. म्हणून आधी माझ्याकडून ऐका. चहा घ्या, गार होतोय.

मी मालवणात शाळेत चित्रकला शिकवायचो आणि चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवतोय. जत्रेतली नाटकं, भजनं, एखादी साठीशांत. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे व्हायोलिन शिकायला कोणी आलं नाही. एक मुलगी आली होती, पण तिला गिटार शिकायची होती. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी जे केलं त्याबद्दल थोडी दया येईल.

तर मे महिना. वहिनीचा मुलगा नीलेश आयर्लंडला नर्स आहे. त्याचं लग्न चार दिवसांवर आलेलं, तो स्वतः कपडे घ्यायला मुंबईला गेलेला, आणि त्याचा तिकडचा मित्र शॉन त्याच्या आधीच घरी येऊन थडकलेला. वहिनीचा फोन आला, "मास्तर, नीलेशाचो गोरो दोस्त इलो आसा. तेका व्हायोलिनवालो होयो म्हणता. तुमी येशात?"

नीट बघा, 'शिकायला' हा शब्द वहिनीच्या तोंडून आलाच नव्हता. तो मी ऐकला.

मी धुवट झब्बा घातला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेलो, की साता समुद्रापलीकडून शिष्य आलाय. देवबागला पोचेपर्यंत माझी चाल सुद्धा बदलली होती.

शॉन वहिनीच्या पडवीत बसला होता. लाल दाढी, उन्हाने त्याहून लाल झालेलं नाक, आणि बाजूला एक काळी पेटी. मला बघून तो उठला आणि पेटीचं झाकण उघडायला वाकला. मी हात वर करून त्याला थांबवलं. नवीन विद्यार्थी वाद्यावर झडप घालतो, हा पहिला दोष, असं माझ्या इंग्रजीत त्याला समजावलं. आधी मांडी घालून बसायचं. मग सा लावायचा. मग वाद्य.

बिचाऱ्याने मांडी घातली. सहा फुटी माणूस, त्याचे गुडघे कानाला लागत होते. दोन दिवस मी त्याच्याकडून सा लावून घेतला. मधून मधून तो पेटीकडे बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, आणि मी म्हणायचो, "पेशन्स." पुढे त्याने सांगितलं, की त्याला वाटलं, इकडे दोघांनी एकत्र वाजवायचं म्हणजे आधी असंच करतात. दुसऱ्या दिवशी पडवीत शेजारपाजारची पंधरा माणसं बघायला जमली होती, त्यामुळे मलाही आवरतं घेता येईना.

त्या संध्याकाळी शॉनने न राहवून मोबाईल काढला आणि म्हणाला, जरा हे ऐकाल का? कोणीतरी व्हायोलिनवर भरभर चाललेली एक चाल वाजवत होतं. मला वाटलं, हा याचाच घरचा सराव. अभिप्राय मागतोय.

मग मी दिला अभिप्राय. पंधरा माणसांसमोर. म्हटलं, या वाजवणाऱ्याचा गज तव्यावर टाकलेल्या मुडदुशी माशासारखा उड्या मारतोय. एक सूर सरळ लांब ओढलेला नाही. याला वर्षभर नुसता गज ओढायला लावा, तरी सुधारेल का, शंकाच आहे.

शॉनने मोबाईल बंद केला. शांतपणे म्हणाला, "ती माझी आई."

वहिनीने पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला हे मला चांगलं ठाऊक आहे.

मग त्याने पेटी उघडली. आत व्हायोलिन नव्हतंच. लोहाराकडे असतो तसला छोटा भाता त्याने उजव्या कोपराखाली पट्ट्याने बांधला, डाव्या काखेत कातडी पिशवी धरली, मांडीवर नळ्यांचा एक जुडगा ठेवला, आणि कोपर हलवून हवा भरत हातातली लांब नळी वाजवायला लागला. तोंडाने फुंकायचं नावच नाही. जुडग्यातल्या नळ्या तंबोऱ्यासारख्या सूर धरून राहिल्या.

त्याने मला सांगितलं, की नीलेशच्या लग्नात वाजवायचं त्याने कबूल केलंय. घरी तो आईच्या व्हायोलिनशेजारी बसूनच वाजवतो. नळीवरची प्रत्येक चाल तो तिच्या गजाकडे बघून शिकला. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, कुठल्या सुराला बोटाची गिरकी द्यायची, ते सगळं. तो म्हणाला, "व्हायोलिनजवळ न बसलेला माणूस माझं वाद्य वाजवतो, तेव्हा सूर बरोबर येतात, पण पाय उचलत नाहीत."

आणि आता आणखी एक पंचाईत होती. आमच्या दमट हवेने नळीतली पत्ती फुगली होती, पट्टी पार खाली घसरली होती. लग्नातला हार्मोनियमवाला त्याच्या पट्टीत येऊच शकत नव्हता. येऊ शकत होता तो फक्त व्हायोलिनवाला. आणि व्हायोलिनवाल्याने त्याचे दोन दिवस सा लावण्यात घालवले होते.

मला इतकी लाज वाटली की मी माफी मागायचंसुद्धा विसरलो. तारा सैल करून त्याच्या पट्टीत उतरलो आणि म्हटलं, आईचं ते परत लाव. मग मी मांडी घालून बसलो आणि तो मला शिकवायला लागला. ज्याला मी उड्या म्हणालो होतो, त्या उड्यांतच सगळा नाच होता. माझा चाळीस वर्षांचा लांब, सरळ गज तिथे काही कामाचा नव्हता. दोन दिवसांत मनगट सुजलं, पण चाल बसली.

लग्नाच्या दिवशी शॉनने स्वतःची लोकरी टोपी माझ्या डोक्यावर घातली. मे महिन्यात, भर दुपारी. मी काढली नाही. अक्षता पडल्या आणि आम्ही सुरू केलं. पहिल्या फेरीत लोक नुसते बघत राहिले. दुसऱ्या फेरीत त्याची नळी आणि माझा गज असे एकमेकांत गुंतले की कुठला सूर कोणाचा, मलाच कळेना. तिसऱ्या फेरीला मासे विकणाऱ्या बायका उठल्या. मग नवरा उठला, नवरी उठली, आणि पंगतीत वाढणारे हातातली भांडी खाली ठेवून आले. तीच चाल आम्हाला सात वेळा वाजवावी लागली. खोटं वाटत असेल तर देवबागात कोणालाही विचारा.

संपल्यावर नवरीचे कणकवलीचे आजोबा काठी टेकत आले. त्यांना दिसतं कमी. शाल आणि नारळ त्यांनी शॉनच्या आधी मला दिला. माझा हात हातात धरून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "यू... विच कंट्री?"

खरं उत्तर जिभेवर होतं. पण सगळा मांडव आमच्याकडे बघत होता, शाल खांद्यावर होती, आणि असा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी टोपी सारखी केली आणि म्हणालो, "आयर्लंड."

मागून कुंदावहिनीचा आवाज आला, "मास्तर, मगे आयर्लंडाक खंयच्या यष्टीन जातलात?"