मागची सीट

लातुरात कशाचा क्लास नाही ते विचारा. गणिताचा आहे, जीवशास्त्राचा आहे, चांगल्या क्लासला प्रवेश मिळावा म्हणून त्याच्या परीक्षेचाही क्लास आहे. त्यामुळे पार्वतम्मा बिराजदारांनी बायकांना स्कूटी शिकवायचा क्लास काढला, तेव्हा गावाला हसायचं काही कारण नव्हतं. तरी गाव हसलं. आज त्याच क्लासला नंबर लावावा लागतो. मी त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि माझी बदली औशाच्या पलीकडे अशा गावी झाली होती, जिथे एसटी मनात येईल तेव्हाच जाते.

पार्वतम्मांना सगळे अक्का म्हणतात. मूळच्या मुखेडच्या. वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाची एक लुना, ती अक्काच जास्त पिटाळायच्या. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांची मावशी लातूरच्या दवाखान्यात कंबर मोडून पडली होती. अक्का तिच्या सेवेला आल्या. शेजारच्या खाटेवर उमाशंकर बिराजदार नावाचा तरुण मास्तर. भिंतीखाली गुडघा चिरडलेला, आईवडील त्याच भिंतीखाली गेलेले. आणि हा पडल्या पडल्या वॉर्डातल्या पोरांकडून मोठमोठ्याने पाढे म्हणून घ्यायचा.

अक्का चिडल्या. "गप बसा की वो सर. मावशीचा डोळा लागंना."

"गप बसलं की भिंत पडल्याचा आवाज येतो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून अक्का स्वतःच पोरांत बसून पाढे म्हणू लागल्या. सतराच्या पाढ्यात अडायच्या. मुद्दाम अडायचे, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना चक्क लाजल्या.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा उमाशंकरचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. एसटीची पायरी चढता येईना. अक्कांनी लुना पुढे आणून उभी केली.

"बसा मागं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकायला म्हणावं, मग तुमीच उचलून न्या."

तो बसला. लग्नाआधी एकदा त्याने "मी तुला ओझं होईन" असं म्हणून पाहिलं. "ओझं लुना ओढती, मी कुठं ओढून राहिले?" अक्का म्हणाल्या. विषय संपला.

पुढे लातुरात पोरांचा पूर आला. मुखेड, नायगाव, मुदखेड, कुठून कुठून पोरं येऊ लागली आणि बिराजदार सरांच्या गणिताला मागणी आली. सकाळी एका क्लासमध्ये, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. अक्का पुढे, सर मागे, न वाकणारा पाय बाजूला काठीसारखा ताठ. लुना जाऊन स्कूटी आली, पण जागा बदलल्या नाहीत. गंजगोलाईच्या बाजारातले दुकानदार टिंगल करायचे, "सरांनी ड्रायव्हर ठेवला!" सर मागूनच ओरडायचे, "म्या न्हाई, तिनंच मला ठेवलंय!" मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख होतं, पण दोघांनी ते घरभर पसरू दिलं नाही.

एका सकाळी सर फळ्यापुढे कोसळले. अक्का खाली वाट बघत होत्या. पोरं धावत आली तेव्हा त्यांनी सवयीने आधी स्कूटी सुरू केली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "रडू नंतर आलं बाई," त्या मला म्हणाल्या. "आधी राग आला. भूकंपातून वाचलेला माणूस असा उभ्या उभ्या जातो का?"

थोरले दीर गुरुपादप्पा उदगीरहून आले. माणूस चांगला, आणि चांगल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड. "घर मोठं हाय, आमच्यात चल. गाडी पोराला होईल," ते म्हणाले. अक्कांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. "अण्णा, मी गाडी शिकवून पोट भरते. न्हाई जमलं तर तुमी म्हणाल तसं." स्वतःचं घर, स्वतःचं लातूर आणि स्वतःची गाडी, सगळं त्या क्लासवर येऊन ठेपलं.

आणि क्लास तर चालत नव्हता. शिकवणाऱ्याला मागे बसावं लागतं. अक्का बसत नसत. पदर खोचून मैदानभर गाडीबरोबर धावायच्या. मागच्या सीटवर भाजीची पिशवीसुद्धा ठेवू देत नसत. "ती सरांची जागा हाय." माझ्याबरोबर शिकायला आलेल्या दोघी पडून पडून कंटाळल्या आणि गेल्या. मी उरले, कारण एसटी.

दिवाळी तोंडावर आली. मी पुन्हा पडले, कोपर सोलवटलं आणि माझं डोकं फिरलं. पोरांवर ओरडायची सवय, तशीच ओरडले. "अक्का, सरांची जागा, सरांची जागा काय लावलंय? बसायचं तर बसा, नाहीतर मी चालले घरी आणि तुम्ही जा उदगीरला!"

अक्का पुढे आल्या. आता एक ठेवून देतात असं मला वाटलं. मग त्यांनी पदराने सीट पुसली आणि बसल्या.

मी गाडी सोडली. मैदानाच्या टोकाला वळताना त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. "थांबा बाई, थांबा!" मी ब्रेक दाबला. वळून पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

"मागं बसल्यावर पुढचं काहीच दिसंना वो," त्या म्हणाल्या. "लई भ्या वाटून राहिलंय."

मी गाडी बंद केली.

"वीस वर्षं बसला हा माणूस. ज्याच्या अंगावर भिंत पडली, त्यो. गोलाईच्या गर्दीत, ट्रकच्या कडंनं, पाय बाहेर काढून. एकदाबी माझा खांदा धरला न्हाई. एकदाबी हळू चालव म्हणाला न्हाई."

मग त्या रडल्या. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांदेखत, मोकळा गळा काढून. मीही रडले. पोरांनी खेळ थांबवला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू केला.

अक्कांनी माझ्या खांद्यावरचे हात काढून तोंड पुसलं. मग ते हात स्वतःच्या मांडीवर ठेवले.

"सोडा गाडी."

"खांदा धरा ना, अक्का."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी चालवा. मी बसते."