एकाच बापाचा गोठा

माझी नोकरी काय, असं कुणी विचारलं की आधी त्याचं जेवण झालंय का ते मी पाहून घेते. कारण मी वाघाच्या विष्ठेची पाकिटं उघडते. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, कित्येक वर्षं. जंगलातली माणसं वाळलेली विष्ठा गोळा करून पाठवतात आणि आम्ही तिच्यातून वाघाची ओळख काढतो: हा कोण, कुणाचा, याचं कुणाशी काय नातं. सक्करदऱ्यातल्या माझ्या शेजारणीनं हे ऐकून पदर नाकाला लावला होता. "माय वं! अन् याच्यासाठी तू एवढी शिकली?" हाव बाप्पा, याच्याचसाठी शिकली.

चौकशा करायची मला खोडच आहे. "वाघाचा बाप कोण हे कळून आपल्याला करायचंय काय?" हे मी आमच्या मॅडमना नोकरीला लागल्या लागल्या विचारलं होतं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयानं माझ्याहून लहान, पण समजावून सांगायला कधी कंटाळत नाहीत. त्यांनी उलट मलाच विचारलं, "दिवाळीला घरच्या सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यातून शिवलेत कधी?"

शिवले होते की! आम्ही सगळी भावंडं एका रंगात, बँडवाल्यांसारखी.

"मग त्या कापडाचा रंग गेला तर?"

"सगळ्यांचाच जाणार."

"तसंच आहे हे. वयात आलेला वाघ आईला सोडून दूर निघून जातो, तिथं नवं रक्त नेतो. पण मध्ये रस्ते आले, कालवे आले, गावं आली, की तो जाणार कुठं? मग नात्यानात्यातच पिल्लं होतात. दिसायला वाघ धडधाकट. पण एखादा रोग आला की जे एकाला झेपत नाही, ते कुणालाच झेपत नाही. कापड वेगवेगळं असलं तर कुणीतरी टिकतं."

हे उत्तर मला इतकं आवडलं की घरी येऊन मी ते भाजी निवडता निवडता मोठ्यानं म्हणून पाहिलं. पण ते आपल्याच माणसांच्या गोठ्यात जाऊन बसेल, असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

माझे मामा मौद्याच्या बाजूला राहतात. त्यांच्याकडे गवळाऊ गाई. ही आमच्या भागाची जुनी जात: पांढरी, उंच, निमुळत्या तोंडाची, आणि चालणं असं की पाहतच राहावं. आता ट्रॅक्टर आले, दुधाला जर्सी आली, आणि गवळाऊ कुणी ठेवेना. मामांनी ठेवल्या. हट्टानं ठेवल्या म्हणा. मूलबाळ नाही, तेव्हा मामींचा सगळा जीव त्या गोठ्यात.

पोळ्याच्या दिवशी गावात तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी चार ओळींची गाणी, आणि कुणाचं जनावर देखणं यावर वर्षभर पुरेल एवढी चर्चा होते. मामांचा सांड तिथं शेवटी यायचा, नवरदेवासारखा. दुधासारखा पांढरा. गाव गप्प व्हायचं. म्हणून मामांची रीत ठरलेली: जी गोऱ्ही होतील त्यातलं सगळ्यात पांढरं, सगळ्यात देखणं तेवढं सांड म्हणून ठेवायचं. बाकीची विकायची. बाहेरचा सांड दारात येऊ द्यायचा नाही. "रंग बिघडन" म्हणायचे. त्यांच्या वडिलांचीही हीच रीत होती.

मग लंपी आली. जनावराच्या अंगावर गाठी उठतात, ताप चढतो, ते खाणं सोडतं. गावात बहुतेक गोठ्यांत आली. लस टोचली, पण मामांकडे तोवर ताप शिरला होता. शेजारच्या मिसळ जातीच्या गाई महिनाभर खंगल्या आणि उठल्या. मामांच्या गोठ्यातली वासरं मात्र एकामागून एक गेली. काही गाईही गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा मामी रिकाम्या दाव्यांकडे पाहत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कोनाची नजर लागली वं?" सांडाच्या गळ्यात त्यांनी बिब्बा बांधला होता.

मला रडूही येत होतं आणि डोकंही गप्प बसत नव्हतं. शेजारच्या तरल्या, यांच्या काहून नाही? मी मामांना खाटेवर बसवलं आणि विचारायला लागले: ही गाय कुणाची? तिचा बाप कोण? मामांचं दुःख थोडं हललं. आपल्या जनावरांचं घराणं सांगायला त्यांना फार आवडतं. ते सांगत गेले, मी बोटानं धुळीत रेघा ओढत गेले. थोड्या वेळानं सगळ्या रेघा एकाच ठिकाणी यायला लागल्या.

"मामाजी," मी म्हटलं, "तुम्ही तर बापलेकीचं लगन लावून राहिले!"

मामा असे भडकले म्हणता! "जनावराले कायचं नातं वं? वाघाचं शेण चिवडून आता मले शिकवून राहिली का?"

आता मीही काही गप्प बसणारी नाही. आमच्याच घरात एका पुतणीचं ठरत आलेलं लग्न, कूळ एक निघालं म्हणून याच मामांनी मोडलं होतं. सात पिढ्या उकरल्या होत्या तेव्हा. तेही ऐकवलं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं! दोघंही तोंड फिरवून बसलो.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी मलाच आवरलं. "एका गोठ्यावरून असं म्हणता येत नाही. माश्या जास्त असतील, वासरं लहान असतील, लस उशिरा झाली. पण शंका बरोबर आहे तुमची." म्हणजे खात्री नाहीच. मला तर शंकाही पुरते. पण मामांपुढं प्रश्न सरळ होता. गोठ्यात उरलेल्या गाई हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आणखी एक वासरू गेलं असतं तर त्यांनी दावणच मोडली असती.

निर्णय मामींनी घेतला. दिवाळी झाल्यावर एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमचा थाट राहू द्या. मले वासरू पाह्यजे. जितं."

दोनच दिवसांनी मामांनी वर्ध्याकडच्या एका पाहुण्याला फोन लावला. त्याच्याकडेही गवळाऊच, पण घराणं वेगळं. ठरलं असं की सांडाच्या बदल्यात सांड. हे ऐकून मामी आत निघून गेल्या. आपला सांड म्हणजे आई मेलेलं गोऱ्हं, त्यांनीच ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

गाडी आली त्या दिवशी मी होते. मामींनी सांडाला कुंकू लावलं, गुळाचा खडा दिला. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "घरजावई चालला गा बाप्पा!" कुणी हसलं नाही. कुणाच्या हातून तो गाडीत चढेना, तेव्हा मामीच फळीवरून पुढं चालत गेल्या आणि तो त्यांच्या मागं चढला. त्या एकट्याच खाली उतरल्या.

बदली आलेला सांड पाहून मला हसू आवरेना. बुटका, मानेवर काळपट, एक कान फाटका. पोळ्याला तो तोरणाखाली आला तेव्हा गाव पुन्हा गप्प झालं, पण वेगळ्या कारणानं. मग एकानं झडती म्हटली, तीत मामांची अशी खिल्ली की पोरं लोळली. मामांना एरवी उत्तर तोंडपाठ असायचं. त्या दिवशी ते मान खाली घालून सांड घेऊन घरी आले. मामी मात्र त्याच्या फाटक्या कानामागं खाजवत म्हणाल्या, "तू नको मनावर घेऊ." तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की यालाही बाटलीवाल्यासारखाच जीव लावून झालाय.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी गाय व्याली. भर दुपारी. मी रजा टाकून गेले होते. कालवड झाली, मळकट, पाठीवर बापाचा काळपटपणा घेऊन. पडली, उठली, पुन्हा पडली, आणि धडपडत आईच्या कासेला जाऊन लागली. अशी ढुसण्या देत पीत होती की गाय मागं सरकली. मला इतका आनंद झाला की मी मामांना मिठीच मारली. त्यांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. कालवडीच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि पाय चाचपले.

मग म्हणाले, "पोरगी झाली. म्हंजे हे वयात याच्या आत या सांडाले बी पाठवा लागन. बाप हाय तो तिचा."

मी खूश होऊन मान डोलावली. समजलं की यांना! माझं सगळं बोलणं कामी आलं होतं.

मामी सांडाजवळ उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "याले बी?"

"हाव," मामा म्हणाले. "अन् त्याच्या बादच्यालेबी."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, खरोखर विचारत होत्या. "मंग लळा लावाचा तरी कोनाले वं, बाई?"

प्रश्न विचारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण हा प्रश्न मी मॅडमना कधी विचारला नव्हता. मामींनी बादली उचलली आणि सांडाला पाणी पाजायला नेलं.