प्रमिलाचा उजवा पाय

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, भावापुढे तर नाहीच. माय गेली त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हाही ओठांवर आलेलं परत गिळलं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण कागद पुढे घेतला आणि आधी काय केलं असेल, तर उठून पायाची नखं कापत बसले. टाळाटाळ मला छान जमते.

मग नखांपासूनच सुरू करते.

माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं कडेनं मांसात रुततात. लहानपणापासून. ज्याला हे दुखणं नाही त्याला हसू येतं — नख ते काय, आणि त्याचं कौतुक ते काय! पण कोपऱ्यात नख घुसलं, की अंगठा लाल होऊन ठणकतो, पू धरतो, अंगावरची चादर लागली तरी जीव जातो. आमच्या घरी यावर एकच इलाज होता. ब्लेड घ्यायचं आणि कोपरा खोलवर कोरून काढायचा. दोन दिवस बरं वाटायचं, मग वाढणारं नख आणखी आत शिरायचं. आपणच त्याला आत जायला जागा करून देतो हे मला लग्नानंतर कळलं, जळगावच्या एका डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नखाची कड काढली तेव्हा. ते म्हणाले, नख सरळ कापा, कोपरे गोल करू नका, फार आखूड करू नका. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, आणि नख मऊ झालं की कापसाची बारीक वात वळून कोपऱ्याखाली सरकवा. रोज नवी घाला. नख हळूहळू वर उचललं जातं. अंगठा आवळणारी चप्पल मात्र घालू नका. बस, एवढंच होतं ते. कापूस पिकवणाऱ्या घरात मी वाढले आणि एवढीशी गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती.

पण मला बघायला पाहुणे आले तेव्हा हे काही माहीत नव्हतं. आमचं गाव धुळ्याजवळचं. त्या काळी मुलगी बघायला आलेली माणसं मुलीला चालून दाखवायला सांगत. माझा उजवा अंगठा सुजून गाजरासारखा झाला होता. मी मायला म्हटलं, आज नको, त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. माय काय म्हणाली ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं.

"दात दाबीसन चाल. मंग काय रडनं ते रडजो."

मी दात दाबून चालले. कुणालाही कळलं नाही. लग्नातही कळलं नाही — सप्तपदीला तांदळाच्या प्रत्येक ढिगावर तोच अंगठा टेकवायचा होता, आणि सासरच्या उंबऱ्यावरचं मापही त्याच पायानं लवंडायचं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते माहेर सुटल्याचं, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी कुणाला खरं सांगितलं नाही. उलट मला त्याचा अभिमान वाटायचा. हा अभिमान लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ भास्कर भुसावळला रेल्वेत लागला आणि त्याच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. पारोळ्याजवळच्या एका गावात आमची मावशी दिलेली होती. तिनंच तिच्या गल्लीतली मुलगी सुचवली. प्रमिला नाव. कॉलेजात शिकत होती. नाना म्हणजे आमचे वडील, माय, भास्कर आणि मी असे एसटीनं गेलो. दिवाळी नुकतीच झाली होती, कापसाची वेचणी चालू होती. त्यांच्या पुढच्या खोलीत छताला लागेल इतका कापूस भरलेला, आणि उरलेल्या जागेत आमच्यासाठी सतरंजी.

प्रमिला चहाचा ट्रे घेऊन आली आणि ती दारात असतानाच मी ओळखलं. टाच टेकायची, अंगठा वर धरायचा, पाऊल थोडं बाहेर फेकायचं. ही चाल मी स्वतः कितीदा चालले होते! तिचे वडील खाली बघायला लागले. नाना घसा खाकरून म्हणाले, पोरी, जरा त्या भिंतीपर्यंत जाऊन ये. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सरळ नानांकडे बघून सांगितलं —

"नाना, नख मांसमा घुसनं शे. खोटं नही सांगस." आणि स्वतःच हसली.

भास्करही हसला. त्याला ती आवडली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मी भास्करकडे बघत नव्हते. मी मायकडे बघत होते. माय सतरंजीवरून अर्धी उठली आणि म्हणाली, "बठ वं माय, बठ. नको चालू."

नको चालू!

परक्या मुलीला. पहिल्या भेटीत. मला जे ती कधी म्हणाली नव्हती, ते तिनं हिला मागितल्याशिवाय देऊन टाकलं. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. मी पुष्कळ वर्षं दुसरी कारणं शोधली. मुलगी जास्त शिकलेली आहे, माझ्या आईबापांना जड जाईल, असलं काहीबाही. ती सगळी नंतर जमवलेली. खरं कारण ते दोन शब्द, आणि त्यांनी एका क्षणात फुकट घालवलेला माझा दात दाबून चालल्याचा अभिमान. मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

यानंतरचा भाग सांगायला मला सगळ्यात जड जातो, कारण त्यात मी चांगली दिसते.

मी तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. म्हटलं, दाखव बघू. तिनं उजवा पाय पुढे केला. घरच्यांनी ब्लेडनं कोरून कोरून कोपऱ्याची पार चाळण केली होती. मी तिच्या आईकडून कोमट पाणी मागवलं, मीठ टाकलं, पाय बुडवायला लावला. पुढच्या खोलीतल्या ढिगातून चिमूटभर कापूस आणला, सरकी काढली, वात वळली आणि नखाच्या कडेखाली अलगद बसवली. ती कण्हली, पण पाय मागे घेतला नाही. सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत, वात रोज बदलायची, ही असली चप्पल टाकून दे — सगळं नीट सांगितलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मी खोटं वागत होते का? नाही हो! त्या घटकेला मला तिचा अंगठा खरंच बरा करायचा होता. एकच बाई एका दुपारी दोन्ही कशी करते, ते मला विचारू नका. मला माहीत नाही.

परतीच्या एसटीत माय आणि भास्कर खुशीत होते. नानांच्या मनातून मात्र ती चाल जात नव्हती. पारोळा मागे पडल्यावर ते माझ्याकडे वळले. घरात नखाचं दुखणं फक्त मला, त्यामुळे त्या बाबतीत माझा शब्द शेवटचा.

"अक्का, तुनं बी नख मांसमा जास. तू सांग. नखच शे ना ते?"

मी खिडकीबाहेर बघितलं. म्हटलं तर किती वेळ होता माझ्यापाशी. आणि मी म्हणाले —

"नखमुळे अशी चाल नही व्हत, नाना. ते कंबरमाच काही शे."

झालं. मी तिचं नख या बोटांनी उचललं होतं. त्याच्याखाली मी वळलेली वात होती. आणि मी हे बोलले. माय म्हणाली, अरे देवा, जन्माचंच का मग? मी नुसती मान हलवली. भास्करनं धुळ्याला बसमधून उतरताना हळूच विचारलं, "अक्का, नक्की ना?" मी म्हटलं, मी खोटं कशाला सांगू?

मुलीकडे निरोप गेला, पत्रिका जुळत नाही. सगळेच असं कळवत. पण मायनं खरं कारण — म्हणजे माझं कारण — मावशीच्या कानावर घातलं, कुणाला सांगू नको अशी शपथ घालून. अशा शपथेनं गोष्ट किती लवकर पसरते ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या लग्नसराईपर्यंत आमच्या नात्यागोत्यात झालं होतं की ती मुलगी चांगली आहे, पण कमरेत दोष आहे, पुढे मुलाबाळांत उतरेल.

यापुढचं मावशीनंच मला सांगितलं, हळहळत. दुसरे पाहुणे आले. त्यांनी प्रमिलाला अंगणात चालायला लावलं, मग पुन्हा लावलं. ती सरळ चालली. चालणारच! अंगठा बरा झाला होता. कोपरा मोकळा झाला होता, सूज गेली होती. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाहेर पडल्यावर मावशीच्या शेजारणीला म्हणाले, आज दाबून चालली, शिकवून ठेवलेली दिसते. तिसऱ्यांनीही तेच केलं. ती जितकी नीट चालायची तितकी लबाड ठरायची. म्हणजे बघा — ती लंगडत राहिली असती तर कुणी तरी डॉक्टरला दाखवलं असतं, नखच आहे हे निघालं असतं. माझ्या वातीनं तेवढीही सोय ठेवली नाही.

मावशीला मी काय म्हणाले असेन? म्हणाले, नशीब एकेकाचं.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. भास्करचं लग्न व्हायचं होतं. नानांपुढे उभं राहून, माझं चुकलं, ते नखच होतं, एवढं म्हणायचं होतं. नाना रागावले असते, माय चार दिवस बोलली नसती. मी तेवढ्याला भ्यायले. पुढच्या वर्षी भास्करचं दुसरीकडे ठरलं. भावजय चांगली मिळाली, दोघांचं छान चाललं. आणि त्याचाच आधार घेऊन मी स्वतःला सांगायची की देवाच्या मनात असंच होतं. मी जे केलं ते देवाच्या नावावर घातलं. प्रमिलाच्या वडिलांनी पुढे पुढे पाहुणे बोलावणंच सोडून दिलं.

मग मधे पुष्कळ वर्षं गेली. नव्वद सालानंतर धुळ्याला एका लग्नात मला ती दिसली. मी मिरवायला नवी, टोकाला निमुळती चप्पल घातली होती. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी मी! दुपारपर्यंत अंगठा भडकला. पंगत चालू होती, म्हणून मांडवामागे बाजेवर जाऊन बसले आणि चप्पल काढली. समोर कुणी तरी येऊन उभं राहिलं.

"अक्का? वळखं का? मी प्रमिला."

केस थोडे पिकले होते. लग्न झालेलं नव्हतं. बारीक काठाची साडी, खांद्याला पिशवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, भावाच्या घरात राहत होती. हे तिनं बसता बसता सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. तिची नजर माझ्या अंगठ्यावर गेली आणि ती मोठ्यानं हसली, अगदी त्या दिवशी नानांपुढे हसली होती तशी. उठून गेली ती कोमट पाण्याची बादली आणि मीठ घेऊनच आली. औक्षणाच्या ताटातली एक कोरडी वात तिनं उचलून आणली होती. ती उसवून बारीक वळली. मग जमिनीवर बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"हाई तुम्हीच शिकाडेल शे माले," ती म्हणाली. "तवयपासून मना अंगठा एकदाबी नही दुखना. वर्गमा पोरीसले बी शिकाडस."

 ती खाली मान घालून वात सरकवत होती. तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी होती.

मग ती सहज म्हणाली, कुणाला ऐकवायला नव्हे, आपल्याशीच — "लोके कंबरनं बोलनात. कोन बोलनं व्हई, काय माहीत. मना पाय त चांगला व्हता, अक्का. तुम्ही त देखेल व्हता."

तुम्ही तर बघितला होता.

तिनं मान वर केली नव्हती. तिला संशय होता? नाही. मी तिचा चेहरा नंतर पुन्हा पुन्हा आठवून बघितला आहे, त्यात काहीही नव्हतं. सगळ्या नात्यागोत्यात तो पाय हातात घेऊन पाहिलेली मी एकटी, म्हणून ती मला साक्षीला धरत होती.

मी म्हणाले, "लोकेसनं काय, काही बी बोलतस."

ती हो म्हणाली. वात नीट बसली का ते वाकून बघितलं, आपल्या रुमालानं माझं पाऊल पुसलं. उद्या बदला, म्हणाली. ती आजही हयात आहे. निवृत्त झाली असेल. तिचं गाव मला माहीत आहे, एसटी थेट जाते.

तिनं पाय मांडीवर घेतला तेव्हाच मी तो ओढून घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. ठणका कमी होत होता आणि मला बरं वाटत होतं.