तिच्या नावाची पावती

जवळा बाजारात आम्हा मास्तरांचं आयकराचं रिटर्न कचेरीतला एक कारकून भरून देतो. सरकारी नोकरीत असताना दुसरा धंदा चालत नाही, म्हणून दारावरची पाटी, पावतीपुस्तक, सगळं बायकोच्या नावावर. "धंदा ती करून राहिली, मी न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. काम झालं की पावती घेऊन पडद्यामागं जायचं आणि तिची सही आणायची, ही त्याची रीत.

बायको वारली त्याला आता दोन वर्षं झाली. यंदाही तो पावती घेऊन आत गेला. आतून बांगड्या वाजल्या. बाहेर आला तेव्हा सहीची शाई ओली होती.

मी पाकीट काढलं, तर त्यानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. ती म्हणून राहिली, तुमी तिच्या मातीला आलते."