पाचपेक्षा वरचा

खेडच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवले. मी त्याला नाही. गावात हल्ली उलटे सांगतात, की भाव तोडून मीच त्याला लुटले, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

मी दाभोळच्या बंदरावर कोळंबी घेतो आणि विकतो. डोक्यावरच्या टोपलीपासून स्वतःच्या टेम्पोपर्यंत आलो ते भाव तोडूनच. माझा मुलगा दोह्यात एका गोदामात नोकरीला आहे. शुक्रवारी त्याला सुट्टी असते, आणि त्या दिवशी तो कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याचा गेम खेळतो. एकदा म्हणाला, "अब्बा, तुम्हीपण या ना. दोघांचे ट्रक एकाच रस्त्यावर चालतील. वाटेत गप्पा मारू." लहानपणी तो माझ्या टेम्पोत शेजारी बसून खेडपर्यंत यायचा आणि तोंड एक क्षण बंद ठेवायचा नाही. आता फोनवर "बरं आहे, बरं आहे" करून मोकळा होतो. मी लगेच हो म्हटले.

गेमला कसला लॅपटॉप लागतो ते त्याने लिहून पाठवले: प्रोसेसर आय-फाइव्ह, आठवी पिढी, किंवा त्याहून वरचा.

आता कोळंबीत आकडा म्हणजे काउंट, किलोत किती नग बसतात तो. वीसची कोळंबी मोठी, चाळीसची बारीक. आकडा जितका खाली, तितका माल वरचा. बंदरावरचे शेंबडे पोरही हे सांगेल. तेव्हा पाचपेक्षा वरचा म्हणजे काय? तीन. दुकानात शिरलो आणि सरळ तीनचा मागितला.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मग लॅपटॉपकडे पाहिले. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "घ्या ना चाचा. कालच आलाय, खोकं फोडलेलं नाही."

भाव त्याने पाचच्यापेक्षा कमी सांगितला. मला वाटले, याला स्वतःच्याच मालाची अक्कल नाही. म्हणून आणखी तोडला. वर पिशवी आणि माऊस फुकट काढला. तो हात जोडून म्हणाला, "तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार, चाचा!" एवढे एकच वाक्य तो खरे बोलला. बोलला नाहीच तो काही.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि मी ट्रकवर बसलो. कानाला हेडफोन, त्यात मुलाचा आवाज.

"अब्बा, रेस द्या."

"देतोय की!"

"मग हलत का नाही?"

"ते तुझ्या रस्त्याला विचार!"

माझा ट्रक एक हात पुढे जायचा आणि थिजायचा. झाडे तुकड्यातुकड्यांनी यायची. लॅपटॉपचा पंखा मात्र असा सुटला होता की वाटले, ट्रक नाही तर निदान लॅपटॉप तरी खेडला पोचेल. मुलगा टोलनाका ओलांडून गेला. मी पहिल्या वळणावरच.

"अब्बा, कुठला घेतलात?"

"तीनचा. वरचा."

मग तो इतका हसला की मी हेडफोन काढून ठेवला.

हसून झाल्यावर त्याने समजावले. इथे आकडा वाढला की माल वाढतो. पण तेवढेही पुरे नाही. पुढे पिढीचा आकडा असतो, तो बघायचा. जुन्या पिढीतला सात नव्या पिढीतल्या तीनपुढे हरू शकतो. म्हणजे पापलेट कितीही मोठे असो, आधी कल्ले उघडून ताजे आहे का ते बघा. हे मला आधी सांगितले असते तर दोन मिनिटांत कळले असते. माझ्या लॅपटॉपचा आकडा वाचला तर निघाली तिसरी पिढी. तीनातही तीन. खोके नवे, आतला मासा शिळा.

"जाऊ द्या अब्बा," तो म्हणाला, "आपण फोनवरच बोलू." आणि बोललो. बरं आहे, बरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "आतला प्रोसेसर बदलून दे."

"लॅपटॉपचा बदलत नाही चाचा, बोर्डाला चिकटलेला असतो."

"मग लॅपटॉप बदल."

"तुम्हीच तीन मागितलात."

"आणि पिढी?"

"ती तुम्ही विचारली कुठे?"

मी काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. समोरच्या चहावाल्याने मात्र ते नीट ऐकू यावे म्हणून तेवढा वेळ गिऱ्हाइकांना चहासाठी थांबवून ठेवले होते.

आमच्या बंदरावर माशांचा वास येतो, शिव्या चालतात, सगळे मान्य. पण लिलावात एखाद्याने भलतीच बोली लावली, तर लिलाववाला हात वर करून ओरडतो, "नक्की ना?" समोर वैरी असला तरी विचारतो. मग पुढचे ज्याचे त्याचे नशीब.

आणि तू रे, कॉम्प्युटरवाल्या? तुझ्या दुकानात एसी आहे, काचेचे दार आहे, भिंतीवर "ग्राहक हाच देव" लिहिले आहे. माझी चूक तुला कळली होती, तुझ्या डोळ्यांत मी ती पाहिली. मग देवाला एकदा "नक्की ना?" विचारायला तुझी जीभ का वळली नाही? येत्या शुक्रवारी माझा मुलगा पुन्हा एकटा ट्रक काढेल. शेजारची जागा रिकामी का, ते त्याला फोन करून तू सांग.