सरडाबाईंची आतली खोली

पडदा वर जातो. मधोमध एक लांबलचक टेबल, त्याचा पृष्ठभाग आम्लानं जागोजागी खाल्लेला. टेबलाच्या डाव्या अंगाला वाफाळत्या पाण्याचं काचेचं भांडं, उजव्या अंगाला बर्फाचं. मागे अर्धवट पुसलेला फळा. खिडक्यांचे काळे पडदे मुद्दाम अर्धेच ओढलेले, म्हणजे उजेड पडायचा तो फक्त टेबलावर पडावा. बाकांवर मुलंमुली दाटीवाटीनं बसलेली, आणि मागच्या बाकांवर कुजबुज चाललेली, कुठल्याही नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेत चालते तशी. मग दाराशी चपला वाजतात. कुजबुज थांबते. रसायनशास्त्राच्या बाई प्रवेश करतात.

बाई आयुष्यात कधी नाटकात उभ्या राहिल्या नव्हत्या. राहायला हव्या होत्या. हातातली वस्तू किती वर धरायची, किती वेळ धरायची, पाहणाऱ्याचा श्वास नेमका कुठे अडकतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या अंगातच होतं. दोन नळ्या त्या उजेडात धरायच्या. दोन्हींत एकच जांभळं द्रावण. एक गरम पाण्यात सोडायची, दुसरी बर्फात. आणि मग गप्प उभं राहायचं. बघता बघता गरम पाण्यातली नळी निळीशार व्हायची आणि बर्फातली गुलाबी. वर्गातून एक लांब ‘आऽ’ उमटायचा.

“टाळ्या नकोत,” बाई म्हणायच्या. “कारण सांगा.”

कारण कुणालाच येत नसे, मग त्याच सांगायच्या. “या नळीत दोन घराणी राहतात. एक गुलाबी, एक निळं. गुलाबीतले निळ्यात जातात, निळ्यातले गुलाबीत येतात. ये-जा अखंड चालू, पण दोन्हीकडून सारख्याच वेगानं. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शांतता आहे! कुठल्याही घरासारखं.” इथे हशा ठरलेला. “आता बाहेरून कुणीतरी ढोसलं. उष्णता दिली. मग अख्खी व्यवस्था अशा बाजूला सरकते, की त्या ढोसण्याचा जाच थोडा कमी व्हावा. उष्णता खाणारी बाजू निळी, म्हणून निळे वाढतात. उष्णता काढून घेतली की उलटं, गुलाबी वाढतात. आणि एका बाजूचे तुम्ही सारखे उचलून नेत राहिलात तर?”

“संपतील, बाई.”

“इतक्यात नाही संपायचे. तुम्ही नेत राहाल तसे ते पुन्हा तयार होत राहतात. ज्याच्यातून काढता येतं, त्याच्यातून लोक काढत राहतात.”

शेवटचा प्रवेश वेगळाच असे. दोन्ही नळ्या बाहेर काढून बाई स्टँडला लावायच्या, वर पदर टाकल्यासारखा एक रुमाल टाकायच्या आणि फळ्याकडे वळायच्या. तास संपायच्या आधी रुमाल उचलायच्या. दोन्ही नळ्या जांभळ्या! “ओळखा, गरम पाण्यात कुठली होती?” कुणालाही ओळखता येत नसे. बाई हसायच्या. त्या प्रयोगावरून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं सरडाबाई. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी सरडा काढून ठेवला, तर बाईंनी खडू घेऊन त्याची शेपटी नीट केली आणि शिकवायला लागल्या.

घरी मात्र बाईंना रंगमंच नव्हता. जागाच नव्हती.

घर वडिलांनी घेतलेलं. बाहेरची खोली, आत दोन खोल्या, स्वयंपाकघर. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. बाईंनी नोकरी धरली, भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. या भानगडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आतली एक खोली भाऊ-भावजयीची झाली, दुसरी बाईंची होती. पण भाची वाढीला लागली तसा भाऊ एक दिवस डोकं खाजवत म्हणाला, “ताई, पोरीला अभ्यासाला जागा लागेल गं.” बाईंनी गाठोडं उचललं आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आल्या.

दिवाण म्हणजे दिवसा सगळ्यांचा. पाहुणे त्यावर बसायचे, भाऊ त्यावर लोळत क्रिकेट बघायचा, भावजय त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकायची. सगळ्यांचं बघून होईपर्यंत टीव्ही चालू, आणि तो बंद होईपर्यंत बाईंनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पेपर तपासायचे. एखाद्या उत्तरपत्रिकेला फोडणीचा डाग लागला की मुलं खूश व्हायची. बाईंच्या घरी आज काय होतं, याच्या पैजा लागायच्या.

भाऊ वाईट नव्हता. हे नीट सांगायला हवं, कारण अशा गोष्टीत एक दुष्ट माणूस असला की सगळ्यांचीच सोय होते. तो विमा विकायचा, गोड बोलायचा, बहिणीच्या पायावर पाय ठेवायचा आणि तो पाय आपला नाहीच असं त्याला मनापासून वाटायचं. भावजयही कामसू होती. फक्त कुठलंही काम अडलं की तिच्या तोंडून आपोआप निघे, “ताईंना सांगा ना, त्या करतील.” आणि ताई करायच्या.

अशात बाईंच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती लांब डोंगरावरच्या एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. “नवी प्रयोगशाळा उभारायचीय. मला तूच हवीस. राहायला शाळेच्या आवारात खोली आहे, पुढे ओटा आहे, दाराला आतून कडी आहे. महिनाअखेरपर्यंत कळव.”

दाराला आतून कडी! बाकीचं बाईंनी धड ऐकलंच नाही.

जेवताना त्यांनी घरात सांगितलं. भावाचा घास हातातच राहिला. भावजयीनं वाढता वाढता डाव पातेल्यात सोडला. भाची तेवढी म्हणाली, “आत्या, मग माझं गणित?”

“जाणार म्हणजे... कायमची?” भावानं विचारलं.

“हो.”

आणि मग काय सांगावं! दुसऱ्या दिवसापासून घराचा रंग पालटला. बाई आंघोळ करून बाहेर येतात तो चहा हातात. टीव्हीचा आवाज आपोआप बारीक. दोन दिवसांत भावानं भाचीचं टेबल उचलून बाहेरच्या खोलीत आणलं आणि बाईंचं कपाट स्वतः ढकलत आतल्या खोलीत नेलं. कपाट दारात अडकलं, त्याचा अंगठा चेंगरला, तरी हसत म्हणाला, “ताई, ही खोली तुझीच आहे गं. आम्हीच मेले आंधळे.” भावजय एका दुपारी शेजारी येऊन बसली. “तुम्ही गेलात तर मी कुणाशी बोलू, ताई? हे तर गिऱ्हाईकांशीच बोलतात.” तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खरे भरले होते. बाईंच्या दिवाणाची आता गरज काय, म्हणून तो भंगारवाल्याला देऊन टाकला. त्या जागी नवाकोरा, फुगीर हातांचा सोफा आला.

आतल्या खोलीत पहिल्या दिवशी बाईंनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कडी काढली, घातली. मग पलंगाच्या कडेवर नुसत्या बसून राहिल्या. इतक्या वर्षांचं काहीतरी फळाला आलं, असं त्यांना वाटलं. आपण नुसतं ‘जाते’ म्हटलं आणि या माणसांच्या पोटातली माया वर आली!

शिक्षकखोलीत त्यांनी हे भौतिकशास्त्राच्या सरांना सांगितलं. सर तिरकस बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते, पण बाईंच्या डब्यातला अर्धा वाटा रोज त्यांचाच असल्यामुळे बाईंशी जपून बोलायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“बाई, नळी अजून गरम पाण्यात आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे निळी दिसणारच. बाहेर काढून बघा की. तुमचाच तर प्रयोग आहे.”

“माणसं म्हणजे काही द्रावण नाहीत, सर.”

“नाहीत ना,” सर म्हणाले. “द्रावणाला लाज वाटत नाही, एवढाच फरक. माझं ऐकाल? आधी डोंगरावर जा. मग तिथून बघा त्यांचं प्रेम.”

बाई रागावल्या. दोन दिवस त्यांनी सरांना डबा दिला नाही.

शाळेत त्या वर्षानुवर्षं एकच चूक लाल शाईनं खोडत आल्या होत्या. मुलं लिहायची, ताण दिला की व्यवस्था बदलते. बाई शेजारी लिहायच्या, “ताण असेपर्यंत.” आणि घरी मात्र, ज्या बाईंनी हा प्रयोग एवढ्या वर्गांना दाखवला, त्यांनी स्वतःच्या हातानं ताण काढून घेतला आणि रंग टिकेल असं धरून चालल्या. अशी चूक साध्या माणसाच्या हातून झाली नसती. साधा माणूस आधी डोंगरावर जाऊन आला असता. ही चूक करायला नियम तोंडपाठ असावा लागतो, आणि तो आपल्या माणसांना लावायची लाज वाटावी लागते.

महिनाअखेरीला त्यांनी मैत्रिणीला फोन केला. “नाही जमायचं गं. घरात माझी गरज आहे.” शेजारी भाऊ उभा होता. फोन ठेवताच त्यानं मोठ्यानं सुस्कारा टाकला आणि घरभर हसू पसरलं. त्या संध्याकाळी सगळे मिळून बाहेर जेवायला गेले.

एका रात्रीत काहीच बिघडलं नाही. नळीसुद्धा एका क्षणात निवत नाही. आधी चहा निवला, म्हणजे चहा मिळायचा, पण स्वयंपाकघरातून हाक यायची, “ताई, गाळून घेता का?” मग टीव्हीचा आवाज एकेका घराण्यानं, म्हणजे एकदा भावानं, एकदा भाचीनं, वाढवत नेला. मग भाचीची परीक्षा आली. “आत्या, बाहेर लक्षच लागत नाही गं. परीक्षेपुरती देशील खोली?” परीक्षेपुरती दिली. परीक्षा झाली, निकाल लागला, पुढचं वर्ष अवघड निघालं. एका दुपारी बाई शाळेतून आल्या तर त्यांचं कपाट बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून उभं. या वेळी ते दारात अडकलं नव्हतं.

झोपायचा प्रश्न आला. सोफ्याचे हात फुगीर. माणूस त्यावर आडवा पडला की मान एका हातावर, पाय दुसऱ्यावर, आणि मधला माणूस झोळीत. दिवाण तर केव्हाच गेला होता. शेवटी बाईंनी कपाटावरची जुनी गादी काढली आणि सोफ्याच्या पायाशी जमिनीवर अंथरली.

“ताई, थंडी वाजेल तुला,” भाऊ काळजीनं म्हणाला आणि एक चादर आणून दिली. वाईट नव्हताच तो.

जमिनीवर पडल्या पडल्या बाईंना सोफ्याच्या खालची बाजू दिसायची. खरखरीत लाकूड, बाहेर आलेले खिळे. द्रावण निदान होतं त्याच जागी परत येतं, त्या मनाशी म्हणायच्या. आपण दिवाणावरून निघालो आणि जमिनीवर आलो.

त्यांनी मैत्रिणीला पुन्हा फोन केला होता. मनात फार काही न धरता, पण केला. “अगं वेडे, तू नाही म्हणालीस त्याच आठवड्यात जागा भरली,” मैत्रीण हळहळली. “नवी आलेली चांगली आहे. ओट्यावर फुलझाडं लावलीयत तिनं.”

“कुठली?” बाईंनी विचारलं. मैत्रिणीनं नावं सांगितली. बाईंनी सगळी नीट ऐकून घेतली.

वर्षं गेली. त्या गादीवरूनच बाई रोज उठून शाळेत जात राहिल्या. वर्गात नळ्या निळ्या-गुलाबी होत राहिल्या, पण आता शेवटचा रुमालाचा प्रवेश त्यांनी वगळला होता. मुलांना कळलंही नाही. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, बाई म्हणजे या शाळेच्या उत्प्रेरक! टाळ्या पडल्या. भौतिकशास्त्राचे सर शेजारी वाकून पुटपुटले, “म्हणजे सगळ्यांची कामं झटपट केलीत, आणि स्वतः शेवटी होतात तिथेच.” बाईंना एवढं हसू आलं, की लोकांना वाटलं, त्या रडतायत.

भाचीचं लग्न झालं, ती सासरी गेली. आतली खोली रिकामी झाली. बाई वाट बघत राहिल्या. मागणार नव्हत्या, कुणीतरी म्हणेल एवढंच हवं होतं. आधी त्या खोलीत भाचीची जुनी पुस्तकं राहिली, मग भावाच्या विम्याच्या जाहिरातींचे गठ्ठे, मग मोडका पंखा. मग भावजयीनं दाराला बाहेरून कुलूप लावलं, कारण धूळ येते.

आणि एका सकाळी दारात एक छोटा टेंपो उभा राहिला. हमालानं बाईंचं कपाट उचललं. भाऊ वर्तमानपत्र हातात घेऊन तसाच बाहेर आला.

“ताई, हे काय?”

“सामान.”

“ते दिसतंय गं! पण कुठे?”

“खोली घेतलीय. शिंप्याच्या दुकानामागे. नळ बाहेर आहे, पण चालेल.”

“शिंप्याच्या... अगं, या वयात? कधी ठरवलंस?”

बाई गादीची वळकटी बांधत होत्या. सुतळी अपुरी पडत होती, त्यांनी ती दातानं ओढली.

भावजय धावत आली. हात पदराला पुसत, खरंच भेदरलेली. “ताई, अहो, असं काय करता? आतली खोली रिकामीच तर आहे! तुम्हालाच द्यायची, असं कालच बोलत होतो आम्ही. विचारा यांना!”

“हो, कालच,” भाऊ म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. “मी आत्ता सगळं बाहेर काढतो. किल्ली कुठाय गं? ताई, दोन मिनिटं थांब, फक्त दोन मिनिटं...”

तो खरोखरच आत पळाला. किल्ल्यांचा जुडगा खडखडला, कुलूप पडल्याचा आवाज आला, मग गठ्ठे ढकलल्याचा. बाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. क्षणभर त्यांची मान त्या आवाजाकडे वळली; अगदी वळली. टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला. त्या पायरी उतरल्या आणि वळकटी पुढे घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या.

भाऊ धुळीनं माखलेल्या हातांनी बाहेर आला, टेंपोच्या खिडकीला धरून उभा राहिला. “अगं, पण निदान आधी सांगायचं तरी! आम्ही काय परके आहोत?”

बाईंनी त्याच्या केसांतलं जळमट काढून टाकलं.

“सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही चांगले वागला असता.”