टोपीवाल्याचा कौल

महिपत गुरवाकडे चहाला गेलात तर एक गोष्ट नीट बघा. गडी बशीत ओतून फुर्रर्र करून चहा पितो, पण कपाच्या तळाशी एक घोट ठेवतोच. पुढचा चहा गाळून झाला की मगच तुळसावहिनी तो कप विसळतात. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये यावरून काय काय उठलं! कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे वहिनींच्या हाताला चव नाही. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

महिपत जातीचा गुरव. कोकणातल्या देवळात वडिलांनी कौल लावले, हा मात्र वागळे इस्टेटीत रंगाचे डबे भरायचा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल, वहिनींचा भाऊ पोपट बोटीवर होता, त्यानं इंग्लंडहून हातात मावेल असा विटांचा व्हिडिओ गेम आणला. वरून विटा पडायच्या, त्या रचायच्या. एवढं सगळेच गेम करतात. पण ह्यात कोपऱ्यात एक टोपीवाला साहेब उभा असायचा. सुरुवातीला पहिल्या विटेला तो छत्रीनं टोचायचा, आणि वीट डाव्या नाहीतर उजव्या भिंतीशी जाऊन पडायची. हरलात की टोपी उचलून इंग्रजीत काहीतरी बोलायचा. ते वाचायला मला बोलावणं यायचं.

"आबा, काय म्हणतोय हो?"

"म्हणतोय, वाईट वाटून घेऊ नका. निदान आज पाऊस तरी नाही."

"मेला टोमणे मारतो!" वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या.

महिपतला मात्र त्या पहिल्या विटेत देऊळ दिसलं. कौल म्हणजे तरी काय? देवाला पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. झालं! हा गेमचे सेल काढायचा, हातपाय धुवायचा, मग देवाला झोपेतून उठवावं तसे सेल पुन्हा घालायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. बिल्डिंग रांगेत! मालूचं लग्न जमेल का? उजवी. चंदूला कायम करतील का? उजवी.

मी चोंबडा माणूस, बघत बसायचो. माझ्या ध्यानात आलं, नुसतं खेळताना वीट दोन्हीकडे जाते, पण सेल काढून घातले की पहिली वीट दर वेळी उजवीकडेच. यंत्राची सुरुवातच तशी बांधलेली. देवाला एकच उत्तर पाठ! मी हे फक्त वहिनींना सांगितलं. त्यांनी शप्पथ घातली होती, म्हणून इतर कुणाला नाही.

मग गावाहून महिपतचा चुलतभाऊ काळुराम आला. "महिपतदादा, यंदा देवळातल्या पूजेची पाळी तुमच्याकडे. येताय, की मी धरू?"

वहिनींच्या हातातलं तांब्याभांडं खाली गेलं. कारण असं, की महिपतचे वडील पाळीच्या वर्षी देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या गेले होते. थोरला भाऊही तसाच, त्याच पायरीवर. पाठ टेकलेली, डोळे उघडे.

महिपत म्हणाला, "कौल लावू."

वहिनी माझ्या दारात. "आबा, तो उजवीच टाकणार! हे उद्या निघणार! सेल काढू देऊ नका त्यांना."

मी गेलो, गप्पांत गुंतवू पाहिलं. महिपतनं माझ्यासमोरच सेल काढले, हात धुतले, सेल घातले. रविवारची सकाळ, समोरच्या गॅलरीत कुणाची तरी वाळवणं. सगळं नेहमीसारखं. टोपीवाला आला. छत्री उचलली. आणि थांबला. तसा तो कधी थांबत नसे. मग त्यानं वीट टोचली आणि ती डावीकडे गेली.

खाली अक्षरं आली. मी चष्मा पुसून वाचलं. "तुमच्या जागी मी असतो, तर गेलो नसतो."

"हा खेळ जाऊ नका म्हणतोय?" काळुराम खो खो हसला. "दादा, डबीतला देव बरा तुमचा! राहा इथंच. मी धरतो पाळी."

शिमग्याच्या आधीच निरोप आला. काळुराम सकाळी पायरीवर बसलेला सापडला. पाठ टेकलेली, डोळे उघडे.

सुतक फिटल्यावर महिपतनं मला बोलावलं. गेम फळीवर होता आणि सेल शेजारी वाटीत होते, मी हात लावून पाहिले. तरी पडद्यावर टोपीवाला उभा होता. या वेळी टोपी हातात, छत्री मिटलेली. विटा नाहीत.

"वाचा, आबा."

"महिपत, जाऊ दे रे."

"वाचा."

मी वाचलं. "पाळी तुमचीच राहिली आहे. घाई नाही. तुमचं आटोपलं की निघू."

महिपत त्या एवढ्याशा साहेबापुढे मांडी ठोकून बसला. पिढ्यान्‌पिढ्या देवाशी घासाघीस केलेलं रक्त ते!

"आबा, इंग्रज ना हा?"

"बोलतो तरी तसाच."

"मग चहा पिता माणूस तो मधेच उठवायचा नाही. रीतीचे असतात." आणि वहिनींकडे वळून, "अगं, आधण ठेव."

चहा आला. महिपतनं कप साहेबाला दाखवला, बशीत ओतून सावकाश प्याला आणि तळाशी एक घोट ठेवून कप फळीवर मांडला. पडद्यावरच्या साहेबानं टोपी डोक्यावर चढवली, छत्रीवर टेकला आणि वाट बघत उभा राहिला.

तो अजून उभा आहे. सेल केव्हाच गंजून फेकले. परवा मी गेलो होतो, निघताना वहिनी म्हणाल्या, "आबा, जरा दुकानातून चहापत्ती आणता? घरातली संपत आली."

मी धावत गेलो. या वयात.